ऑस्ट्रेलियातील वर्षावनाचे धबधबे आणि डोह : जाण्यापूर्वी, तिथे असताना आणि परतल्यावर घ्यायची काळजी

थोडक्यात

• जंगलातील धबधब्यावर जाताना बहुतेकांना सापाची आणि मगरीची भीती वाटते. प्रत्यक्षात माणसे जास्त करून घसरून पडल्यामुळे, उथळ डोहात उडी मारल्यामुळे, अचानक वाढलेल्या पाण्यामुळे आणि आधीपासून असलेल्या आजारामुळे अडचणीत येतात.
• पाण्यात उतरायचे की नाही, हे काठावर थांबून आणि पाणी नीट पाहून ठरवा. आत उतरल्यावर तो निर्णय तुमच्या हातात राहत नाही.
• साप चावल्यावरचा प्रथमोपचार ऑस्ट्रेलियात आणि महाराष्ट्रात वेगळा आहे. दोन्ही माहीत असू द्या.
• परतल्यानंतर महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरांना या सहलीबद्दल आवर्जून सांगा.

हा लेख कोणासाठी?

मुलगा किंवा मुलगी ऑस्ट्रेलियात आहे आणि आई-बाबा दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे निघाले आहेत, हे चित्र आता अनेक मराठी घरांत दिसते. मुले सुट्टीच्या दिवशी हौसेने ‘बुशवॉक’ला नेतात. बुशवॉक म्हणजे रानवाटेने केलेली पायी भटकंती. क्वीन्सलँड राज्यात ही वाट बऱ्याचदा घनदाट वर्षावनातून जाते आणि एखाद्या धबधब्याच्या डोहापाशी संपते.

दक्षिणेला गोल्ड कोस्टच्या मागच्या डोंगरांत लॅमिंग्टन आणि स्प्रिंगब्रूक ही राष्ट्रीय उद्याने आहेत. उत्तरेला केर्न्स शहराच्या आसपास ‘वेट ट्रॉपिक्स’ हे जंगल आहे. या जंगलाला १९८८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ही ठिकाणे सुंदर आहेत, वाटाही चांगल्या राखलेल्या असतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी तिथे जाऊच नये, असे मुळीच नाही. आपल्या प्रकृतीला झेपेल अशी वाट निवडून आणि तयारी करून जावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

वाट निवडताना

ऑस्ट्रेलियात पायवाटांना १ ते ५ अशी श्रेणी दिलेली असते. श्रेणी १ची वाट सपाट, पायऱ्या नसलेली आणि लहान असते. श्रेणी ३मध्ये पायऱ्या आणि थोडे तीव्र चढ-उतार येतात. श्रेणी ४ आणि ५ या सराव असलेल्यांसाठी आहेत. साठी ओलांडलेल्या आणि नियमित चालण्याची सवय नसलेल्या व्यक्तीने श्रेणी १ किंवा २ निवडावी. श्रेणी, अंतर आणि लागणारा वेळ वाटेच्या सुरुवातीच्या फलकावर लिहिलेला असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गडावर जाताना आधी चढ असतो, दमलात तर अर्ध्यातून उतरून येता येते. धबधब्याच्या वाटेवर बऱ्याचदा याच्या उलट असते. आधी दरीत उतरायचे आणि दमल्यावर चढून परत यायचे. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो आणि चढताना हृदयावर. म्हणून ‘अजून बरे वाटते आहे’ एवढ्यावर पुढे जाऊ नका. परतीचा चढ जमेल का, हे स्वतःला विचारा.

स्वतःचा अंदाज घेण्याची एक ढोबळ चाचणी घरीच करता येते. निघण्यापूर्वी काही आठवडे रोज चालायला लागा. सपाट रस्त्यावर सलग एक तास चालून, त्यानंतर तीन-चार मजले न थांबता चढता येत असतील, तर श्रेणी २ची छोटी वाट बहुधा झेपेल. चढताना छातीत दडपण येत असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बुशवॉकचा विचार नंतर करा.

कोणत्या रुग्णांनी काय सांभाळावे?

हृदयविकार : अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, स्टेंट बसवला असेल किंवा बायपास झाली असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच जा. वर्षावनातील डोहांचे पाणी, विशेषतः डोंगरावरच्या जंगलात, उन्हाळ्यातही गार असू शकते. गार पाण्यात एकदम उतरल्यास पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास जोरात आत ओढला जातो, नाडी आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात. तरुण माणसाचेही या काळात नाकातोंडात पाणी जाऊ शकते. कमकुवत हृदयाची लय त्यामुळे बिघडू शकते. अशा रुग्णांनी काठावर बसून पाय भिजवावेत, डोहात उतरू नये.

मधुमेह : इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर लांब चालण्याने साखर खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोज पावडर, साखर किंवा गोड बिस्किटे ठेवा. ती सामानात मागे गाडीत राहायला नकोत. थरथर, घाम किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर लगेच थांबा आणि साखर खा. बंद गाडी उन्हात फार तापते, इन्शुलिन तिथे ठेवू नका. पायांची संवेदना कमी झाली असेल, तर पाण्यातही अनवाणी चालू नका. दगडाने पाय कापला तरी तुम्हाला कळणार नाही.

रक्तदाब : लघवीवाटे पाणी बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दमट हवेत शरीरातील पाणी लवकर कमी होते. जास्त पाणी सोबत घ्या, पण गोळी मनाने बंद करू नका.

रक्त पातळ करणारी औषधे : घसरून डोक्याला मार लागला, तर ‘काही झाले नाही, बरे वाटते आहे’ म्हणून घरी जाऊ नका. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही तासांनी लक्षणे दाखवू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात तपासणी करून घ्या.

फिट्स : फिट्सचा आजार असलेल्यांनी डोहात पोहू नये. पाण्यात आलेली फिट जीवघेणी ठरते.

डोहात उतरण्यापूर्वी

ऑस्ट्रेलियात बुडून मृत्यू म्हटले की समुद्रकिनारे डोळ्यांसमोर येतात. पण तिथे नद्या आणि ओढ्यांमध्येही मोठ्या संख्येने लोक बुडतात. त्यांत पुरुष जास्त असतात आणि अनेक घटनांमध्ये मद्यपानाचाही वाटा असतो.

केर्न्सच्या दक्षिणेला जोसेफीन फॉल्स हा धबधबा आहे. वाहनतळापासून जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची वाट आहे, त्यामुळे कुटुंबे सहज जातात. हा ओढा मात्र बार्टल फ्रीअर या क्वीन्सलँडमधील सर्वांत उंच डोंगरावरून येतो. त्याची उंची जवळपास आपल्या कळसूबाईइतकी, सुमारे १६०० मीटर आहे. समुद्रावरून येणारे ढग त्याच्या माथ्यावर अडतात आणि तिथे प्रचंड पाऊस पडतो. म्हणजे खाली डोहावर ऊन असताना वर पाऊस पडत असू शकतो आणि ते पाणी लोंढ्याने खाली येते. इथे अशा लोंढ्यांत लोकांचे जीव गेले आहेत.

जवळच बाबिंडा गावाबाहेर ‘बोल्डर्स’ नावाचे ठिकाण आहे. तिथे ठरवून दिलेल्या जागेत पोहता येते. पुढे प्रवाह ग्रॅनाइटच्या अजस्र दगडांमधून जातो. तिथला ‘डेव्हिल्स पूल’ हा डोह पोहण्यासाठी बंद आहे, कारण पाणी दगडांच्या फटींमध्ये माणसाला खाली खेचते. वर्षानुवर्षांत तिथे अनेकांचे बळी गेले आहेत आणि त्यांत चांगले पोहणारे तरुणही होते.

आपल्याला हे नवे नाही. २०२४च्या जूनमध्ये लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. उभे राहिले तेव्हा पाणी कमी होते. ते वाढले तेव्हा काठावर परतायला वाट उरली नव्हती.

म्हणून काठावर पाच मिनिटे थांबा आणि हे तपासा :

• फलक काय सांगतो? ‘पोहू नये’ असे लिहिले असेल, तर विषय तिथेच संपतो. इतर लोक पोहत आहेत, हे कारण होऊ शकत नाही.
• आज किंवा काल डोंगरावर पाऊस झाला आहे का? पाऊस झाला असेल, तर उतरू नका.
• पाणी गढूळ होत आहे का? पाने-काटक्या वाहून येत आहेत का? वरून घरघर ऐकू येते का? ही लोंढ्याची चिन्हे आहेत. सामान गोळा करत बसू नका, लगेच उंच जागी जा.
• बाहेर कुठून येणार? उतरायला सोपी आणि चढायला अवघड अशी जागा नको.
• खाली काय आहे? डोहाच्या पुढे दुसरा उतार किंवा अरुंद फट असेल, तर त्या बाजूला जाऊ नका. धबधब्याच्या थेट खालीही जाऊ नका. तिथल्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने शरीर नीट तरंगत नाही.
• उत्तर क्वीन्सलँडच्या सखल भागातील नद्यांमध्ये खाऱ्या पाण्यातील मगरी असतात. मगरीचा फलक दिसला, तर पाण्याच्या काठावरही थांबू नका.

आणि एक नियम सर्वांसाठी, तरुणांसाठी तर जास्तच : उडी किंवा सूर मारू नका. जंगलातील पाणी पानांच्या अर्कामुळे तपकिरी दिसते, त्यामुळे खोली कळत नाही. गेल्या वर्षी खोल असलेला डोह पुरात वाहून आलेल्या दगडांनी किंवा ओंडक्याने उथळ झालेला असू शकतो. डोके तळाला आपटले की मानेचा मणका मोडतो आणि हातापायांतील शक्ती कायमची जाऊ शकते.

ओल्या दगडावरचे शेवाळे हे पडण्याचे मुख्य कारण आहे. चांगली पकड असलेले बूट घाला, धबधब्याच्या माथ्यावर आणि कड्याच्या टोकावर फोटोसाठी जाऊ नका.

कोणी बुडत असेल तर

मागे उडी घेऊ नका. एकाला वाचवताना दुसरा आणि तिसरा जातो, असे आपल्याकडेही वारंवार घडते. काठावर आडवे पडून काठी किंवा ओढणी पुढे करा. रिकामा पाण्याचा कॅन किंवा तरंगणारी कोणतीही वस्तू फेका. एकाने ०००वर फोन करावा.

बाहेर काढल्यावर माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर सीपीआर सुरू करा. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाबा, मग तोंडावाटे दोन श्वास द्या, पुन्हा ३० वेळा दाबा. बुडालेल्या माणसाला प्राणवायूची गरज असते, म्हणून श्वास देणे टाळू नका. पोटातील पाणी काढण्यासाठी पोट दाबण्यात किंवा उलटे धरण्यात वेळ घालवू नका. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्या.

उडी मारल्यानंतर मान दुखत असेल किंवा हातापायांत मुंग्या येत असतील, तर त्याला उभे करू नका. डोके, मान आणि पाठ एका रेषेत धरून ठेवा आणि मदतीची वाट पाहा.

साप चावल्यास : दोन देश, दोन पद्धती

ऑस्ट्रेलियातील बहुतेक विषारी सापांचे विष मज्जासंस्थेवर आणि रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करते. चावल्याच्या जागी मात्र फारशी सूज किंवा इजा होत नाही. म्हणून तिथे विष पसरू नये यासाठी दाबपट्टी बांधतात :

१. रुग्णाला जागेवरच झोपवा, एक पाऊलही चालू देऊ नका. ०००वर फोन करा.
२. चावल्याच्या जागेवर रुंद इलॅस्टिक बँडेज घट्ट बांधा. मग बोटांपासून सुरू करून वरपर्यंत पूर्ण हात किंवा पाय गुंडाळा. मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितपत घट्ट असावे.
३. काठी लावून तो अवयव हलणार नाही असा ठेवा. चावल्याची जागा बँडेजवर पेनने दाखवा.
४. जखम धुऊ नका, कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. रुग्णालयात पोहोचेपर्यंत बँडेज सोडू नका.

महाराष्ट्रात नाग आणि मण्यार यांच्याबरोबर घोणस आणि फुरसे हेही साप आहेत. या दोन सापांच्या विषाने चावल्याच्या जागी मोठी सूज येते आणि मांस सडू शकते. दाबपट्टीमुळे ती इजा वाढण्याची भीती असते. म्हणून आपल्याकडे रुग्णाला धीर द्यावा, अवयव काठी बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ला बोलावून थेट रुग्णालयात न्यावे, असे सांगितले जाते. तिथे शिकलेली दाबपट्टी इथे वापरू नका.

गोचीड, जळू आणि आगीचे झाड

गोचीड : ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर एक विशिष्ट गोचीड आढळते. ती काही दिवस चिकटून राहिली, तर पायांतील शक्ती कमी होऊ शकते, विशेषतः लहान मुलांमध्ये. काहींना तिची तीव्र अ‍ॅलर्जी होते. काहींना तर चावल्यानंतर मटणासारख्या मांसाची आणि जिलेटिनचीही अ‍ॅलर्जी सुरू होते. गोचीड बोटांनी चिमटून ओढू नका, पिळल्याने तिची लाळ अंगात जाते. तिथल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार, औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या फवाऱ्याने ती जागेवरच गोठवून मारतात. घरी आल्यावर कानामागे, केसांच्या कडेला, काखेत आणि जांघेत नीट पाहा.

जळू : घाण वाटते, पण सहसा निरुपद्रवी असते. नख आडवे सरकवून सोडवा आणि जागा दाबून धरा. तिच्या लाळेमुळे रक्त बराच वेळ वाहते. रक्त पातळ करणारी औषधे घेत असाल, तर आणखी जास्त वेळ.

जिम्पी-जिम्पी : हृदयाच्या आकाराची मोठी, मऊ केसाळ दिसणारी पाने असलेले हे झुडूप वाटेच्या कडेला आणि उन्हाच्या जागी वाढते. आपल्या खाजकुइलीपेक्षा याची आग कितीतरी पटींनी जास्त असते आणि वेदना काही आठवडे, कधी महिनोन्महिने परत परत येतात. लागल्यास चोळू नका, चोळल्याने बारीक काटे आत मोडतात. केस काढण्याच्या मेणपट्टीने ते ओढून काढतात आणि मग डॉक्टरांना दाखवतात. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे वाट न सोडणे आणि पानांना हात न लावणे.

परतल्यावर ताप आला तर

डिसेंबर-जानेवारी हा तिथल्या सुट्ट्यांचा काळ, पण उत्तर क्वीन्सलँडमध्ये तोच पावसाळा असतो. त्या काळात ओल्या मातीतून आणि पाण्यातून होणारे दोन आजार लक्षात ठेवावेत.

लेप्टोस्पायरोसिस : मुंबईकरांना ‘लेप्टो’ ओळखीचा आहे. जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, जखमेवाटे किंवा डोळ्या-नाकावाटे जंतू शिरतात. सहसा ५ ते १४ दिवसांनी, कधी महिनाभराने ताप येतो. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात.

मेलिऑइडोसिस : हे नाव अनेकांनी ऐकलेले नसते. याचे जंतू उत्तर ऑस्ट्रेलियातील माती आणि साचलेल्या पाण्यात असतात. मधुमेह असलेल्यांना याचा धोका सर्वाधिक असतो. ताप, खोकला, धाप, बरी न होणारी जखम किंवा गळू अशी लक्षणे दिसतात. भारतात हा आजार कधी कधी क्षयरोग समजला जातो. नेहमीची अनेक प्रतिजैविके यावर चालत नाहीत, म्हणून वेळेत निदान होणे फार महत्त्वाचे आहे. मधुमेहींनी अंगावर जखम असताना पावसाळ्यात तिथल्या चिखलात किंवा ओढ्यात उतरू नये.

तुम्ही पुण्यात किंवा नाशिकमध्ये परतल्यावर तापासाठी गेलात, तर डॉक्टर डेंग्यू, मलेरिया आणि टायफॉइडचा विचार करतील. ‘तीन आठवड्यांपूर्वी मी उत्तर क्वीन्सलँडमध्ये जंगलातील ओढ्यात उतरलो होतो आणि पायाला जखम होती,’ हे एक वाक्य त्यांच्या तपासाची दिशा बदलू शकते. ते विचारण्याची वाट पाहू नका.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे?

• बुडताना वाचल्यानंतर खोकला किंवा धाप लागत असेल
• डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी होत असेल
• छातीत दुखत असेल, घाम सुटत असेल
• गोचीड चावल्यावर अंगावर गांधी, ओठांवर सूज किंवा श्वासाला त्रास होत असेल, किंवा चालताना तोल जात असेल
• साप चावल्याची नुसती शंका असेल, तरीही

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलात फोन लागत नाही, मग मदत कशी मिळणार?
अनेक दऱ्यांत मोबाइलला नेटवर्क नसते. लांबच्या वाटेवर जाणार असाल, तर उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे छोटे उपकरण सोबत घ्यावे. त्याला तिथे ‘पीएलबी’ म्हणतात. कुठे चाललो आहोत आणि किती वाजता परतणार, हे घरी कोणाला तरी सांगून जा. ‘इमर्जन्सी प्लस’ हे अ‍ॅप फोनमध्ये ठेवा, त्यावर तुमचे नेमके ठिकाण दिसते.

उपचारांचा खर्च कोण देते?
भारतातून भेटीवर आलेल्यांना तिथली सरकारी मेडिकेअर योजना लागू होत नाही. निघण्यापूर्वी विमा घ्या. त्यात रुग्णवाहिका आणि तुमचे जुने आजार यांचा समावेश आहे का, हे वाचून घ्या.

आई-बाबांना पोहता येत नाही. मग त्यांनी यायचे की नाही?
जरूर यावे. धबधबा पाहण्यासाठी पाण्यात उतरावे लागत नाही. मुलांनी मात्र ‘इथवर आलात, आता उतरा की’ असा आग्रह करू नये. आणि आई-बाबांनीही मुलांचा हिरमोड होईल म्हणून दम लागल्याचे लपवू नये. ‘मला इथेच बसायचे आहे’ असे सरळ सांगावे आणि कोणीतरी एकाने त्यांच्याजवळ थांबावे.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचा आजार आणि चालू औषधे यांचा विचार करून तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.